दात पडला, गाल सुजला: दवाखाना गाठेपर्यंत घरच्यांनी काय करायचं

हापशाचा दांडा हातातून सटकतो आणि हनुवटीवर बसतो. पोळ्याला शिंगं रंगवताना बैल मान झटकतो. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये चेंडू उसळून तोंडावर येतो, मोटारसायकल खडीवर घसरते. समोरचा दात मुळासकट बाहेर यायला एवढं पुरतं. सगळ्यांचं लक्ष रक्ताकडे आणि रडणाऱ्या पोराकडे जातं, ते साहजिकच आहे. दात मात्र मातीत पडून राहतो. मग कुणीतरी तो उचलून कागदाच्या पुडीत बांधतं, पुडी खिशात जाते, आणि संध्याकाळी तालुक्याच्या गावी डॉक्टरांपुढे उघडली जाते. तोवर तो दात वाचवण्याची वेळ निघून गेलेली असते.

दाताच्या बऱ्याच तातडीच्या दुखण्यांत अर्धा निकाल दवाखान्याबाहेरच लागतो. जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार इथे दातांचे दवाखाने आहेत. पण धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून, चोपडा-यावलच्या सातपुड्याकडच्या वस्तीवरून किंवा साक्रीच्या पश्चिम टोकाकडून निघालेल्या माणसाला आधी जीप मिळायला हवी, मग एस.टी., मग डॉक्टरांची वेळ. या मधल्या वेळात काय करायचं, काय अजिबात करायचं नाही आणि कशासाठी सकाळची वाट न बघता रात्रीच निघायचं, एवढं घरात एकाला जरी ठाऊक असलं तरी खूप काही वाचतं.

मुळासकट बाहेर आलेला दात

आधी माणूस बघा, मग दात. मार लागल्यावर शुद्ध हरपली, उलट्या झाल्या, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं काही आलं, एकाचं दोन दिसायला लागलं, तर तो डोक्याचा मार समजून थेट मोठ्या दवाखान्यात जायचं. पडलेला दात कुठेच सापडत नसेल आणि माणूस सारखा खोकत असेल, तर तो श्वासनलिकेत गेलेला असू शकतो. तसं डॉक्टरांना सांगा, ते एक्स-रे काढतील.

माणूस ठीक असेल तर पुढचा प्रश्न: दात दुधाचा की पक्का? समोरचे पक्के दात साधारण सहाव्या-सातव्या वर्षापासून यायला लागतात. दुधाचा दात परत बसवायचा नसतो, कारण हिरडीत त्याच्या मागेच पक्क्या दाताचा कोंभ तयार होत असतो आणि जोर लावल्याने त्यालाच इजा होते. कळत नसेल तर बसवू नका, दुधात टाकून सोबत घ्या.

पक्क्या दाताची गोष्ट वेगळी. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक पातळ थर असतो, जेमतेम पाव मिलिमीटरचा. दात उपटून आला की हा थर फाटतो, त्यातला काही भाग खड्ड्यात राहतो आणि काही मुळाला चिकटून येतो. ताज्या पडलेल्या दाताचं मूळ नीट पाहिलंत तर पिवळसर मुळावर ओलसर, फिकट गुलाबी साय दिसते. ती मळ समजून लोक खरवडून काढतात. ती साय जिवंत असते आणि तिच्या जोरावरच दात पुन्हा धरतो. कोरड्या हवेत अर्ध्या तासात त्यातल्या बऱ्याच पेशी मरतात, आणि तासभर दात कोरडा राहिला तर फारशी आशा उरत नाही. मेलेली साय घेऊन बसवलेला दात काही काळ टिकतो, पण पुढच्या वर्षांत शरीर हळूहळू त्याचं मूळ खाऊन टाकतं आणि त्या जागी हाड भरतं.

कांद्याचं रोप लावलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. उपटलेलं रोप उन्हात टाकायचं नाही, मुळं चोळायची नाहीत, ओल धरून ठेवायची आणि लवकरात लवकर वाफ्यात लावायचं.

दातही तसाच हाताळा. उचलताना पांढऱ्या भागाला धरा, मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर दुधाने किंवा सलाइनने दहा सेकंद धुवा. दोन्ही नसेल तर नळाच्या गार पाण्याची हलकी धार पुरे. साबण, डेटॉल, हळद, टूथपेस्ट, ब्रश, फडकं यातलं काहीही नको.

आता सगळ्यात चांगला उपाय, ज्याला लोक बिचकतात: दात तिथल्या तिथे परत खड्ड्यात बसवायचा. शेजारच्या दाताकडे बघून पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती ते ठरवा, मूळ खड्ड्यात सरळ धरा आणि अंगठ्याने सावकाश दाबा. पहिल्या काही मिनिटांत जागा बधिर असते, त्यामुळे वाटतं तेवढं दुखत नाही. दात शेजारच्याच्या रांगेत आला की स्वच्छ रुमालाची घडी दातांत धरायला सांगा आणि निघा. थोडा वाकडा बसला तरी डॉक्टर सरळ करतात. माणूस शुद्धीवर आणि शांत असेल तरच हे करायचं. घाबरून हातपाय झाडणाऱ्या पोरावर जबरदस्ती नको.

बसवणं जमत नसेल तर दूध. दात बुडेल एवढं, बिनसाखरेचं, गार असेल तर उत्तम. पिशवीचं चालेल, घरचं तापवून गार केलेलं चालेल. दुधातल्या क्षारांचं प्रमाण रक्ताच्या जवळ जातं आणि ते आंबट नसतं, म्हणून सायीतल्या पेशी त्यात काही तास तग धरतात. साध्या पाण्यात त्याच पेशी पाणी शोषून फुगतात आणि फुटतात, म्हणून पाण्यात ठेवलेला दात वाचवला असं समजू नका. ताक आणि दही आंबट असतात, तेही नको. दूध मिळेपर्यंत त्याच माणसाची लाळ एखाद्या स्वच्छ डबीत घेऊन दात त्यात ठेवता येतो. मोठ्या, पूर्ण शुद्धीत असलेल्या माणसाने गाल आणि हिरडीच्या मध्ये धरला तरी चालतो. लहान मुलाच्या तोंडात मात्र ठेवू नका, गिळून टाकेल.

जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या गुरुजी आणि बाईंना माझी कळकळीची विनंती आहे, हा एवढा भाग लक्षात ठेवाच. मैदानावर दात पडला की शाळेजवळच्या चहाच्या टपरीवर दूध असतंच. अर्धा कप आणायला दोन मिनिटं लागतात, आणि दहा-बारा वर्षांच्या पोराचा समोरचा दात त्या दोन मिनिटांनी वाचू शकतो. या वयात गेलेल्या दाताच्या जागी लगेच इम्प्लांटही (हाडात रोवलेला कृत्रिम दात) बसवता येत नाही, जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत वर्षानुवर्षं थांबावं लागतं.

डॉक्टर दात शेजारच्या दातांना बारीक तारेने साधारण दोन आठवडे बांधून ठेवतात. मूळ पूर्ण वाढलेलं असेल तर त्याच सुमारास रूट कॅनॉल (आतली नस काढून पोकळी साफ करून भरणं) सुरू करतात. मुलाचं मूळ अजून वाढत असेल तर रक्तपुरवठा परत येतो का याची वाट बघतात. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते विचारतील, आठवून ठेवा. तास उलटून गेला असला तरी दात टाकून देऊ नका. वाढत्या वयात असा दात काही वर्षं टिकला तरी तेवढा काळ तिथलं हाड राखलं जातं.

दात पूर्ण न पडता नुसता सरकला, आत गेला किंवा लोंबायला लागला, तर ओढू नका. सहज सरळ झाला तर ठीक, नाहीतर तसाच ठेवून जा. तुकडा उडाला असेल तर तो शोधा आणि दुधात किंवा पाण्यात ओला ठेवा, बऱ्याचदा तोच तुकडा परत चिकटवता येतो. तुटलेल्या जागी लालसर ठिपका दिसला तर आतली नस उघडी पडली आहे. मग त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

रात्री ठणकणारा दात

"मन्हा दात भलता दुखी राह्यना" (माझा दात फार दुखतोय) हे वाक्य बहुधा रात्रीच का ऐकू येतं, त्याला कारण आहे. दाताच्या पोटात नस आणि रक्तवाहिन्या असतात आणि त्यांच्याभोवती चहूबाजूंनी टणक भिंत. कीड आत पोचली की तिथे सूज येते, पण फुगायला जागाच नसते. आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो आणि ठणका दुपटीने जाणवतो. म्हणून पहिला उपाय फुकटचा: दोन उशा घ्या, डोकं उंच ठेवून झोपा.

दुखण्याचा प्रकारही बघा. गार पाण्याने क्षणभर झिणझिण झाली आणि थांबली, तर नस अजून सावरू शकते, दोन-चार दिवसांत दाखवलं तरी चालतं. गार-गरमाने उठलेली कळ बराच वेळ राहत असेल किंवा काही न खाता-पिता आपोआप ठणकत असेल, तर नसेचं काम हाताबाहेर गेलं आहे. आता रूट कॅनॉल किंवा दात काढणं, याला तिसरा उपाय नाही.

तोपर्यंत काय करायचं? कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून हळू खळखळून चूळ भरा. दातात अन्न अडकलं असेल तर दोऱ्याने काढा, सेफ्टी पिन किंवा आगपेटीच्या काडीने टोकरू नका. नुसतं अडकलेलं अन्न काढल्यानेही कधीकधी निम्मा त्रास जातो. गालावर बाहेरून फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं धरता येतो.

गोळीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण चुका इथेच होतात. मोठ्या माणसाने पॅरासिटामॉल ५०० ते १००० मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने घ्यावी. चोवीस तासांत ४००० मिलिग्रॅमच्या वर कधीही नाही, आणि सर्दी-तापाच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, ती याच हिशेबात धरायची. रोज दारू पिणाऱ्याने आणि यकृताचा त्रास असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम जेवणानंतर, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा. या दोन गोळ्या एकत्र घेतल्या तर दातदुखीवर एकट्या गोळीपेक्षा जास्त गुण येतो. पण ज्यांना अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा आहे, जे रक्त पातळ होण्याची गोळी घेतात, आणि ज्या बायका गरोदर आहेत, त्यांनी आयबुप्रोफेनपासून लांब राहावं. पावसाळ्यात अंगात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तरीही नको. मुलांचा डोस वजनावर ठरतो, मोठ्यांची गोळी मोडून अर्धी देऊ नका. ॲस्पिरिन सोळा वर्षांखालच्या मुलांना द्यायचीच नाही.

मेडिकलवरून अँटिबायोटिकचे दोन दिवसांचे डोस घेऊन येणं हा आपल्याकडचा सगळ्यात रुजलेला गैरसमज आहे. नसेच्या ठणक्यावर अँटिबायोटिक काम करत नाही. ती पसरलेल्या जंतुसंसर्गासाठी असते, आणि तेव्हाही आतला पू काढण्याची जागा घेऊ शकत नाही. वर अर्धवट घेतलेल्या गोळ्यांनी जंतू निबर होतात, ते वेगळंच.

लवंगेच्या तेलाला आधार आहे. त्यातल्या युजेनॉलने नस थोडा वेळ बधिर होते, दातांचे डॉक्टरही ते वापरतात. कापसाचा बारीक बोळा एका थेंबात भिजवा, पिळा आणि फक्त किडलेल्या खड्ड्यात ठेवा. हिरडीला आणि जिभेला लागू देऊ नका, भाजल्यासारखं होतं. लहान मुलांना नको. तेल नसेल तर एक लवंग त्या दाताखाली हलकी धरा.

बाकी जे जे दाताला लावलं जातं ते सोडा. रुईचा चीक, रॉकेल, पेट्रोल, तंबाखू-चुना, भाजलेली मिश्री, हिरडीवर ठेवलेली ॲस्पिरिनची गोळी: यांनी हिरडी आणि गाल आतून जळतो, आणि डॉक्टरांना आधी ती जखम सावरावी लागते. मिश्रीने तर तोंडाच्या कॅन्सरचीही वाट मोकळी होते. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातून अळ्या काढून दाखवणारेही अजून भेटतात. दातात अळी नसते. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात, ते आम्ल दात झिजवत नेतं, त्यालाच आपण कीड म्हणतो. भांड्यात दाखवलेल्या त्या पांढऱ्या अळ्या दातातून निघालेल्या नसतात.

आणि समजा दोन रात्री ठणकलेला दात तिसऱ्या दिवशी आपोआप थांबला. घरात सगळ्यांना हायसं वाटतं, जळगावला जायचा बेत रद्द होतो. बहुतेक वेळा याचा अर्थ आतली नस मेली असा असतो. दुखणं सांगणारं कुणी उरलं नाही, जंतू मात्र मुळाच्या टोकातून हाडात उतरायला लागतात. पुढची गालाची सूज इथूनच येते. दुखणं थांबलेल्या दाताला दवाखान्यात नेणं दुखणाऱ्या दातापेक्षा जास्त गरजेचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक धोका दातदुखीचं सोंग घेऊन येतो. खालच्या जबड्यात, बहुधा डावीकडे, कळ येते, सोबत दरदरून घाम, छातीत दाब, धाप, हातात वेदना, किंवा चालल्यावर वाढते आणि बसल्यावर थांबते. हा हृदयविकाराचा झटका असू शकतो. लवंग शोधत बसू नका, १०८ ला फोन करा.

सूज आली की सकाळची वाट बघू नका

हिरडीवर दाण्याएवढी पुळी असेल तर एक-दोन दिवसांत दाखवलं तरी चालतं. पण सूज चेहऱ्यावर आली की हिशेब बदलतो, आणि खालच्या दाढांची सूज जास्त भीतीची. त्यांच्या मुळांची टोकं जिभेखालच्या आणि गळ्याच्या पोकळ जागांच्या अगदी जवळ असतात. पू तिकडे उतरला की हनुवटीखालचा भाग दोन्ही बाजूंनी लाकडासारखा कडक होतो, जीभ वर उचलली जाते, लाळ गिळता येत नाही म्हणून तोंडातून गळते, आवाज जाड होतो, तोंड दोन बोटांएवढंही उघडत नाही. इथून श्वास अडायला काही तासच लागतात. सूज डोळ्यापर्यंत चढली, डोळा मिटायला लागला, थंडी वाजून ताप आला, तरी तोच नियम.

अशा वेळी दातांचा दवाखाना उघडायची वाट बघायची नसते. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जळगावचं किंवा नंदुरबारचं शासकीय रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठा. वाटेत माणसाला बसवून न्या, आडवं झोपवू नका.

बाहेरून गरम पाण्याच्या पिशवीने किंवा विटेने शेकू नका, पू बाहेरच्या कातडीकडे ओढला जातो आणि गालावर कायमचा व्रण राहतो. सुईने टोचू नका, दाबून पू काढू नका.

साखरेचा आजार असलेल्यांनी सूज नसतानाही दातदुखी अंगावर काढू नये. २०२१ च्या उन्हाळ्यात कोविडनंतरचा काळ्या बुरशीचा आजार सगळ्यांनी ऐकला. त्यातले बरेच जण मधुमेही होते, आणि अनेकांना पहिली लक्षणं वरच्या जबड्यातच दिसली: चांगले दात अचानक हलायला लागले, टाळू काळी पडली, नाकातून काळपट स्राव आला, गाल बधिर झाला. तशी लक्षणं आजही दिसली तर तो त्याच दिवशीचा दवाखाना.

दात काढून घरी आल्यावर रक्त

लाळेत मिसळलेलं थोडं रक्तही खूप दिसतं, त्यामुळे लोक घाबरून वरचेवर थुंकतात आणि चुळा भरतात. त्यानेच खड्ड्यात धरलेली गुठळी निघते आणि रक्त पुन्हा सुरू होतं. पहिले चोवीस तास थुंकणं, चूळ, स्ट्रॉने पिणं, विडी, तंबाखू सगळं बंद.

रक्त थांबत नसेल तर गॉझ किंवा स्वच्छ धुतलेलं सुती फडकं पाण्यात भिजवून पिळा, खड्ड्यापेक्षा जाड, आटोपशीर घडी करा, बरोबर खड्ड्यावर ठेवा आणि घट्ट चावून धरा. घड्याळ लावून अर्धा तास. मधे उघडून बघायचं नाही, इथेच घाई होते. सुटा कापूस आपल्याकडे घरोघरी असतो, पण तो कोंबू नका, तंतू गुठळीला चिकटतात आणि काढताना गुठळी सोबत येते. दोनदा असं करूनही रक्त वाहतच असेल तर दवाखाना. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका, हृदयाच्या रुग्णाला दाताच्या रक्तापेक्षा त्या बंद गोळीचा धोका मोठा.

तिसऱ्या दिवशी अचानक कानापर्यंत कळ जायला लागली आणि तोंडाला वास यायला लागला, तर गुठळी निघून हाड उघडं पडलं आहे. डॉक्टर खड्डा धुऊन औषध भरतात, त्याच दिवशी आराम पडतो.

काही लहान गोष्टी

निघालेली कॅप धुऊन डबीत ठेवा. फेविक्विकने चिकटवू नका आणि तोंडात तशीच ठेवून झोपू नका. जांभई देताना जबडा उघडा अडकला तर आपटून किंवा ओढून बंद करायला जाऊ नका, हनुवटीला हाताचा आधार द्या आणि रुग्णालयात जा. मार लागल्यानंतर दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसत नसतील तर जबडा मोडलेला असू शकतो, हनुवटीखालून डोक्यावर रुमाल सैलसर बांधून निघा. उलटी होत असेल तर बांधू नका.

गरोदर बाईचं दातदुखणं "बाळंत झाल्यावर बघू" म्हणून ढकललं जातं. तातडीचे दातांचे उपचार गरोदरपणात करता येतात. दात काढणं, पू काढणं, जागा बधिर करण्याचं इंजेक्शन यांची भीती बाळगायचं कारण नाही, उलट पसरलेला संसर्ग आई आणि बाळ दोघांना धोक्याचा. कितवा महिना आहे ते डॉक्टरांना आधी सांगा.

निघण्यापूर्वी दवाखान्यात फोन करून डॉक्टर आहेत का ते विचारा, जमलं तर तोंडाचा उजेडात काढलेला फोटो पाठवा. रोजच्या गोळ्यांची आणि दुखण्यावर घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं, रिकामी असली तरी, पिशवीत टाका. "पांढरी गोळी घेतली" यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. कशाची ॲलर्जी आहे आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली, हे पाकिटाच्याच मागे लिहून ठेवा.